इंजिनाचं पाणी

ज्या गाडीनं आम्ही गाव सोडलं, तिच्या इंजिनानंही आमच्याच टाकीवर पाणी घेतलं. फक्त त्या दिवशी पाणी सोडणारा माणूस दुसरा होता. बाबा पत्र्याच्या ट्रंकेवर हात ठेवून फलाटावर उभे होते आणि पाइपाची सोंड इंजिनामागच्या हौदात नीट बसली की नाही ते बघत होते. नव्या माणसानं चक्री घाईनं फिरवली. पाणी हौदाच्या कडेवरून धो धो खाली सांडलं. दुष्काळातलं पाणी. बाबांचा पाय आपोआप पुढं झाला, तशी मायनं त्यांच्या सदऱ्याची बाही धरली.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आता ते तुमचं न्हाई."

माय त्या दिवशी कोण आलं यापेक्षा कोण आलं नाही ते बघत होती. आमच्या वस्तीतले सगळे आले होते. गावातलं कुणी नव्हतं. फक्त तारेच्या कुंपणापलीकडं, लिंबाखाली, डोक्यावर पदर घेऊन मोठ्या विहिरीच्या घरची गंगाबाई उभी होती. जवळ आली नाही, हात हलवला नाही. "बघ, तोंड दाखवायची हिंमत न्हाई तिची," माय माझ्या कानाशी म्हणाली. गाडी हलली तेव्हा माझ्या डोळ्यांत कोळशाचा कण गेला. त्यामुळं मी रडत होते की नुसते डोळे चोळत होते, हे मला आजही ठाम सांगता येणार नाही.

हल्ली मोबाइलवर वाफेच्या इंजिनांचे फोटो येतात. पांढराशुभ्र धूर, हिरवं रान, वळणावरची काळी गाडी आणि खाली एक ओळ, 'काय ते दिवस होते!' मला या ओळीचा संशय येतो. लिहिणाऱ्याला विचारावंसं वाटतं, तुम्ही गाडीच्या खिडकीत होता की रुळालगतच्या राखेच्या खड्ड्यात? आम्ही पोरी त्या खड्ड्यात अर्धवट जळालेला कोळसा वेचायचो, चुलीसाठी. वाळत घातलेल्या लुगड्यांवर काळे ठिपके पडायचे आणि माय सकाळच्या पॅसेंजरला शिव्या घालायची. पण खरं सांगायचं तर हौदात पडणाऱ्या पाण्याचा तो घुमणारा आवाज, गरम तेलाचा आणि भिजलेल्या राखेचा वास, इंजिनातलं कढत पाणी बादलीत घेऊन घराकडं पळत येणं, हेही मी विसरलेले नाही. म्हणून फोटो बघून झाला की मी माझ्याच आठवणींकडं जरा तिरक्या नजरेनं बघते. कोणती खरी, कोणती नंतर रंगवलेली?

इस्लापूरच्या अलीकडचं ते छोटं स्टेशन. बाबा तिथं पाण्याच्या टाकीवर होते. रेल्वेच्या विहिरीतलं पाणी पंपानं टाकीत चढवायचं आणि गाडी आली की इंजिनाला पाजायचं, हे त्यांचं काम. आमची वस्ती बौद्धांची. गावात गंगाबाईच्या सासऱ्याची मोठी विहीर होती, पण त्या विहिरीवर आम्ही कधी पाय ठेवला नव्हता. माय लांब नाल्यातल्या झऱ्यावरून पाणी आणायची. बाबा इंजिनाला हौदच्या हौद पाणी पाजत आणि घरात माय तांब्या तांब्या जपून वापरी.

मग दुष्काळ आला. आधी नाला आटला, मग गावातल्या विहिरी, शेवटी गंगाबाईच्या घरची. रेल्वेची विहीर खोल, तिला तेवढं पाणी राहिलं. सकाळची पॅसेंजर गेली की बाबा टाकीखालची तोटी सोडू लागले. पहिल्यांदा वस्तीतल्या बाया आल्या. दोन-चार दिवसांत गावातल्याही आल्या, पण लांब उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, आमचं भरून झालं की त्यांची वेगळी पाळी लागेल.

मायनं तोटीजवळ उभं राहून सांगितलं, "पाणी घ्यायचं तर एकाच रांगेत लागा. इथं अलग रांग न्हाई."

बराच वेळ कुणी हललं नाही. मग गंगाबाई आली आणि आमच्या शेजारच्या म्हातारीमागं घागर ठेवून उभी राहिली. तिला बघून बाकीच्या आल्या. मी तेव्हा लहान होते, तरी काहीतरी मोठं घडतंय हे मला कळत होतं. मायला मात्र त्यातही भरवसा वाटला नाही. "आज पाण्याला आली," ती घरी म्हणाली, "पाऊस पडल्यावर ओळख देईल का?"

पाऊस पडायच्या आधीच सगळं संपलं. एक दिवस मालगाडी आमच्या स्टेशनातून सुटली आणि किनवटच्या बाजूच्या चढावर अडकली. इंजिनातलं पाणी संपलं होतं. दुसऱ्या दिवशी ट्रॉलीवरून साहेब लोक आले. टाकीत काठी घालून पाणी मापलं, तोटीखालचा चिखल बुटानं उकरून बघितला. त्यांनी बाबांना ऑफिसात बोलावलं. तोटीला कुलूप लागलं आणि बाबांची बदली उदगीरला झाली, हाताखाली एकही इंजिन नसलेल्या कामावर. फलाट झाडायचा, दिवे पुसायचे, पार्सलं उचलायची.

"चहाडी कुणी केली?" मायनं विचारलं.

"काय करायचंय तुला," एवढंच बाबा म्हणाले.

मायचं उत्तर तयार होतं. ज्या बाईला नाइलाजानं आमच्या रांगेत उभं राहावं लागलं, तिनंच घरी जाऊन सासऱ्याला भडकवलं आणि सासऱ्यानं साहेबाचे कान भरले. हे मायनं इतक्या वेळा सांगितलं की मलाही ते डोळ्यांनी बघितल्यासारखं वाटू लागलं.

उदगीरला मायचा संशय आणखी वाढला. तिथं शेजारणी मधूनच कानडीत शिरायच्या आणि मायला वाटायचं, आपल्याबद्दलच चाललंय. पहिल्याच आठवड्यात शेजारीण दारात येऊन "नीरु बेका?" म्हणाली. मायनं दार लावून घेतलं. ती पाणी हवं का विचारत होती, हे आम्हाला कितीतरी दिवसांनी कळलं. तरी माय म्हणाली, "फुकट कोण पाणी देतं? काहीतरी असंल मनात."

पुढं लातूर वेगळा जिल्हा झाला. नवी कचेरी, नवे फलक, नव्या जागा. मी मॅट्रिक होऊन टायपिंग शिकले होते. मला नोकरी लागली आणि आम्ही लातूरला आलो. मायला त्या जिल्ह्याचाही भरवसा नव्हता. "कागदावर केलाय, कागदावरच मोडतील," म्हणायची. जिल्हा मोडला नाही. आमचं घर झालं, माझं लग्न झालं, बाबा रिटायर होऊन माझ्याकडंच राहिले. तिकडं आमच्या गावावरून जाणाऱ्या मुदखेडच्या लाइनवरही वाफेची इंजिनं बंद झाल्याचं कुणीतरी सांगितलं तेव्हा बाबा फक्त "बरं झालं, लई पाणी प्यायची," म्हणाले आणि दिवसभर जेवले नाहीत.

आणि एका सकाळी गंगाबाई आमच्या दारात उभी राहिली. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी नातवानं तिला लातूरला आणलं होतं. वस्तीतल्या कुणीतरी आमचा पत्ता दिला होता. पार वाकली होती.

"सुभद्राबाई, वळखलं का?"

गावात ती मायला 'सुभद्रे' म्हणायची. हे 'बाई' ऐकूनच माय सावध झाली. मी पाणी आणून ठेवलं. गंगाबाईनं तांब्या उचलला, तोंडाला लावला, पिऊन खाली ठेवला. माय एकटक बघत होती. तिनं थेटच विचारलं, "टाकीची चहाडी तूच केलीस नव्हं?"

"मी?" गंगाबाईचा चेहरा खरोखर गोंधळला. "अगं, आमच्यात तर समदे म्हणून राहिले होते की दादानंच, तुझ्या मालकानंच, वरच्या जागेसाठी पाणी नेणाऱ्या आमा बायांची नावं साहेबाला सांगितली. म्हणून तर तुमी जाताना मी जवळ आले न्हाई. राग होता मला."

इतकी वर्षं दोघींनी एकाच कुलपाचा राग सांभाळला होता, आपापल्या बाजूनं.

बाबा खाटेवर उठून बसले. "चहाडी कुणीच केली न्हाई. मीच सांगितलं साहेबाला. मालगाडीचा डायवर हौद न भरता निघाला म्हणून त्याची नोकरी घेऊन राहिले होते. टाकीतच पाणी कमी होतं, त्यो काय करील? मी म्हणलं, पाणी गावाला मी दिलं."

"मग मला का न्हाई सांगितलं?" मायचा आवाज चढला.

"आधी सांगितलं असतं तर तू मला गप बसवलं असतंस."

माय उठून चुलीकडं गेली. गंगाबाई आठवडाभर आमच्याकडं राहिली. डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेल्या गंगाबाईला माय हाताला धरून अंगणात फिरवायची आणि दोघी दुष्काळातल्या बायांची नावं आठवायच्या. कोण गेली, कोण आहे.

बाबांचं ते बोलणं खरं होतं का? त्यांनी ते इतक्या वर्षांत एकदाही काढलं नव्हतं, आणि काढलं ते नेमकं दोघी समोरासमोर बसल्यावर. भांडण मिटवायला बाबा काहीही बोलू शकत, हे मला माहीत आहे. तो ड्रायव्हर केव्हाच वारला. विचारायला कुणी उरलं नाही, आणि बाबाही त्याच वर्षी गेले.

तुम्ही जे तिकडंच राहिलात, ते विचारता, गावाची आठवण येते का. येते. पण गाव चांगलं होतं असं मी म्हणणार नाही, आणि लातूर परकं होतं असंही म्हणणार नाही. जे आमच्यासारखे उठून आले, त्यांना हे वेगळं सांगायला नको. कोणत्याच जागेवर पटकन विश्वास ठेवायचा नाही, हे मी मायकडून घेतलं आणि ते मला वाईट वाटत नाही.

बाबा गेल्यावर दहा-बारा दिवसांनी मी मायला विचारलं, "त्यांनी सांगितलं ते तुला पटलं का गं?"

"न्हाई," माय म्हणाली. मग म्हणाली, "गंगीचा दुसरा डोळा ऱ्हायलाय. कळव तिला. म्हणावं दवाखान्यात कशाला उतरतीस, घर हाय की."