मुआज खोत आणि दोनशे बारा चुका

मुआज अब्दुर्रहमान खोत हा माझा विद्यार्थी. भिवंडीतील एका शाळेत मी एकतीस वर्षे इतिहास शिकवला. सनावळ्या तोंडपाठ असलेली मुले पुष्कळ भेटली, परंतु पुस्तकातील चित्रात सैनिकाची तलवार उजव्या कमरेला लटकलेली पाहून "सर, मग हा उपसणार कशी?" असे विचारणारा हा एकच.

पदवीनंतर तो वडिलांच्या यंत्रमागाच्या कारखान्यात कापड तपासू लागला. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावरून तागा ओढत न्यायचा आणि तुटलेला धागा, गाठ, डाग, जे दिसेल त्यावर लाल पेन्सिलीने खूण करायची. या कामाचा नियम सरळ आहे. पहिल्या मीटरपासून शेवटच्या मीटरपर्यंत एकही खोट सुटता कामा नये. लहान कोणती आणि मोठी कोणती, हे व्यापाऱ्याने ठरवावे.

उरलेल्या वेळी तो संगणकावर नेपोलियनच्या लढायांचे खेळ खेळे. खेळे म्हणणेही तितकेसे बरोबर नाही. ऐन लढाई थांबवून तो सैनिकांचे कोट तपासत असे, आणि शंका आली की माझ्याकडे पुस्तक मागायला येई.

गेल्या वर्षी पुण्यातील एका कंपनीने असाच एक खेळ करायला घेतला आणि ऐतिहासिक तपासनीसाची जागा जाहीर केली. परीक्षा म्हणून उमेदवारांना अर्धवट तयार झालेला खेळ पाठवण्यात आला. त्यातील सर्वांत ठळक दहा चुका महत्त्वाच्या क्रमाने लिहायच्या होत्या. त्याच सुमारास त्याच्या वडिलांनी, अब्दुर्रहमानभाईंनी, कारखान्यातील लूम भंगारात काढायचे ठरवले होते. त्यांनी मुलाला मुदत दिली : "ईदपर्यंत बघ. लागली नोकरी तर पुण्याला जा, मी अडवणार नाही. नाही लागली तर वडपे गावात कल्पेशशेठच्या गोडाऊनमध्ये सांगून ठेवलंय."

मुआजने दोनशे बारा चुका काढल्या आणि यादी प्रथम मला दाखवली.

"सर, त्यांनी दहाच मागितल्यात."

"मग उरलेल्या दोनशे दोन बरोबर आहेत, असे त्यांना कळवायचे आहे का?" मी विचारले.

हा सल्ला माझा होता. त्याची नोंद येथे करणे आवश्यक आहे.

यादी त्याने तागा तपासावा तशीच केली होती : पहिल्या दृश्यापासून शेवटच्या दृश्यापर्यंत, सरळ ओळीने. इंग्रजांच्या नाकेबंदीमुळे फ्रान्सला नीळ मिळेना, म्हणून १८०६ मध्ये काही पायदळ पलटणींना पांढरे कोट देण्याचा हुकूम निघाला होता. पुढील वर्षी तो मागे घेतला गेला. खेळात मात्र १८०७ च्या फेब्रुवारीत, आयलाऊच्या लढाईत, झाडून सगळे फ्रेंच निळ्या कोटात होते. ही चूक हेरणारा माणूस लाखात एक. पण यादीत तिचा क्रमांक होता एकशे सदतीस. एकशे छत्तिसावर तंबूच्या दोरीची गाठ होती.

पंधरा दिवसांनी कंपनीतील दिपिका नावाच्या अधिकारी बाईंचे पत्र आले. यादी सर्वांनी वाचली आहे. खेळात तुमच्या नावाचे एक पात्र ठेवू इच्छितो, संमती आणि एक फोटो पाठवावा. मुआजने त्याच दिवशी सही करून, आपला चष्म्यातला फोटो जोडून संमती पाठवली. "नाव घालतायत म्हणजे नोकरी पक्कीच," असे म्हणून अब्दुर्रहमानभाईंनी त्याला दोन नवे शर्ट घेतले आणि कल्पेशशेठला नकार कळवला.

खेळ प्रसिद्ध झाला त्या शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर, कारखान्याच्या कचेरीत आठ-दहा माणसे जमली. मलाही निमंत्रण होते. मुआजने आयलाऊची लढाई लावली. बर्फावर पलटणी उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यामधून एक बुटका माणूस धावत आला. नाकावर बशीएवढा चष्मा, गळ्यात मोजपट्टी, हातात जमिनीवर लोळणारी यादी. डोक्यावर अक्षरे उमटली : लेफ्टनंट मुआज. सेनापतीच्या घोड्यामागे धावत तो किंचाळला, "हुजूर, बटन गलत है!" तोफेचा गोळा आला आणि त्याचे डोके घेऊन गेला.

मग लूम दुरुस्त करणारा केसरीनाथ ओरडला, "अरे, ह्यो तं आपला मुआजच हाय! चष्मा बघा, चष्मा!"

सारी कचेरी हसू लागली.

"फिरसे लगा," अब्दुर्रहमानभाई म्हणाले. डोके पुन्हा उडाले. सर्वांत जास्त वेळ तेच हसले. "बघितलंत सर? तुमचा हुशार! एवढी फौज उभी हाय, पण तोफ ह्यालाच शोधत आली."

मुआज माझ्याजवळ सरकला. "सर, कोट पांढरे केलेत त्यांनी."

"सगळ्यांचे केलेत," मी म्हणालो. "काहींचेच हवे होते."

वडिलांच्या आग्रहाखातर त्याने सर्वांसमोर दिपिकाबाईंना फोन लावला, आवाज मोठा करून.

"जागा? अहो, ती कधीच भरली. मेल नाही का मिळाला? यादी मस्त होती हां तुमची. आम्ही लंचला मोठ्याने वाचायचो. पण आम्ही दहा मागितल्या होत्या ना! आम्हाला काय सोडायचं ते कळणारा माणूस हवा होता. ते जाऊ दे, तुमचं कॅरेक्टर सुपरहिट आहे! सकाळपासून चाळीस हजार वेळा मारलंय लोकांनी."

अब्दुर्रहमानभाईंनी मुलाच्या हातातून फोन घेऊन बंद केला. "सोमवारपासून वडपे. कल्पेशशेठचे पाय धरायला मी जातो. तुझ्याने तेही नीट व्हायचं नाही."

महिन्याभराने मी वडप्याला गेलो. यादीची मूळ प्रत माझ्याकडे राहिली होती आणि दुसऱ्याची वस्तू ठेवून घेणे मला आवडत नाही. ट्रकमधून उतरलेली खोकी सरकत्या पट्ट्यावरून येत होती, आणि मुआज प्रत्येकावर 'तपासले' अशी चिठ्ठी चिकटवत होता. मी प्रत पुढे केली. त्याने हात पुढे केला नाही. म्हणून मी ती त्याच्या जेवणाच्या डब्याशेजारी ठेवली.

तेवढ्यात एक खोके आले. त्याचा कोपरा चेपला होता आणि आतला शांपू पट्ट्यावर ठिबकत होता.

"हे फुटले आहे," मी म्हणालो.

"हाय फुटलेलं, सर."

त्याने कोरडी बाजू पाहून चिठ्ठी चिकटवली आणि पुढचे खोके ओढले.