कपाशीतलं भाजीचं तास

"साधीच तर भाजी आहे, दोन मिनिटांत होते," असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. परवा पुण्याहून आलेली भाची माझ्या हातची अंबाडीची भाजी बोटं चाटून खाऊन वर हेच म्हणाली. मी म्हटलं, बाई गं, साधी ती तुझ्या ताटात आहे. पाला खुडायचा, देठं काढायची, उकडून आंबट पाणी पिळून टाकायचं, ज्वारीच्या कण्यांत शिजवून घोटायचं, मग लसूण-मिरचीची फोडणी. दोन मिनिटांत ती संपते, तेवढं मात्र खरं.

आणि ती येते कुठून, हे तर कोणी विचारतच नाही.

मी यवतमाळच्या नोकरदार घरातली. लग्न होऊन कळंबजवळच्या एका गावी आले, तिथं घरी शेत असताना भाजी विकत आणणं म्हणजे बाईची लाज. कपाशी पेरली की सासूबाई मधल्या एका तासात, म्हणजे ओळीत, अंबाडी, भेंडी आणि बरबटी लावायच्या. बरबटी म्हणजे तुमची चवळी. कपाशी पुरुषांची, ते एक तास बायकांचं. माझी मुलगी चालायला लागली तेव्हा सासूबाईंनी ते माझ्या हवाली केलं. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं, आणि त्याचा मला गर्व होता. का नसावा? चार महिने सगळ्यांची ताटं मी भरत होते.

दुसरी एक रीत होती, ती मात्र मला कधी पटली नाही. भासऱ्यांशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, बोलायचं नाही. त्यांनीही माझ्याशी बोलायचं नाही. ते येताना खाकरायचे, मी डोक्यावरून पदर ओढून पाठ करायची. काही सांगायचं असलं तर सासूबाईंमार्फत. मी समोर चुलीशी बसलेली असायची आणि ते म्हणायचे, "माय, तिले सांग, भाजीत मीठ कमी हाये." सासूबाई माझ्याकडे वळून तेच पुन्हा सांगायच्या. जसं काही मी बहिरी होते. हसू यायचं आणि संतापही यायचा. नवऱ्याकडे कुरकुर केली तर तो म्हणायचा, मोठ्यांचा मान आहे. तो नेरला नोकरीला, शनिवारी यायचा. त्याचं काय जात होतं?

ती वर्षं कपाशीला वाईट होती. बोंडअळी कोणत्याच औषधाला दाद देईना. जो तो पाठीवर पंप घेऊन फवारत सुटलेला. अख्ख्या शिवाराला औषधाचा वास, त्यामुळे आपल्या शेतात आज फवारलंय की शेजाऱ्याच्या, हे नाकाला कळायची सोय नव्हती. आमच्याकडे फवारणी झाली की भासरे घरी सांगायचे, सासूबाई मला सांगायच्या आणि मी बरेच दिवस त्या तासाला हात लावायची नाही. तेवढं एक तास सोडून फवारा, असं कितीदा सांगूनही कोणी ऐकत नव्हतं.

एका चतुर्थीला सासूबाई कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेल्या. मी मुलीला घेऊन शेतात गेले. बरबटीला कोवळ्या शेंगा लागल्या होत्या, त्या ओटीत तोडत होते. मागून खाकरल्याचा आवाज आला. मी सवयीने पदर ओढला, पाठ केली. पुन्हा खाकरले. मी अजूनच अंग चोरलं. थोड्या वेळानं तिसऱ्यांदा, आणि मग पावलं लांब गेली. मला वाटलं, त्यांना वाट हवी होती.

घरी येऊन शेंगा धुतल्या, मोडायला बसले. मुलगी मांडीला टेकून एकेक कच्चीच खात होती. पोरं खातातच. तव्यावर भाकरी होती तोवर तिला उलटी झाली. मग तोंडातून लाळ, घाम, हात-पाय थरथर. भासरे सासूबाईंना घेऊन घरात आले तेव्हा मी तिला उचलून दारात उभी होते. फवारलंय हे सांगायला ते मधल्या काळात कोणी बाईमाणूस शोधत फिरत होते. शेजारच्या शेतात कोणी नव्हतं, म्हणून फाट्यावर जाऊन आईच्या बसची वाट पाहत थांबले.

सकाळी फवारलेल्या तासात मला शेंगा तोडताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. माझं लेकरू सोबत होतं, तेही पाहिलं होतं. आणि ते खाकरले.

यवतमाळच्या दवाखान्यात तिला सलाइनवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडून पाणी मागितलं, तोवर नातेवाइकांचा दरबार भरला होता. जो येईल तो भाजीवर घसरायचा. कपाशीत भाजी लावायची गरजच काय होती, बाजारात मिळत नाही का, शहरातल्या पोरीला शेतातलं काय कळतं. नवराही मान डोलवत होता. फवारणाऱ्याला कोणी विचारलं नाही, भाजी मात्र दोषी ठरली.

भासरे खाटेच्या पायथ्याशी उभे होते. सासूबाईंना म्हणाले, "माय, तिले सांग, आता ते तास मोडून टाकाचं. भाजीबिजी बंद."

मी उठले. त्यांना हाक काय मारायची तेही मला माहीत नव्हतं, कारण कधी मारलीच नव्हती. पदर खांद्यावर होता, तो तिथंच राहू दिला आणि सरळ त्यांच्याकडे पाहिलं.

"फवारलं, एवढं म्हनले असते तं काय झालं असतं तुमचं?"

ते भिंतीकडे पाहत म्हणाले, "माय, तिले सांग, डोक्यावर पदर घे म्हना."

सासूबाई नातीला चमच्यानं पाणी पाजत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मी नाही सांगत," त्या म्हणाल्या. "काल मी घरी नव्हती म्हून पोरगी इथं पडली हाये. तुले बोलाचं असन तं तिच्या तोंडाकडे पाहून बोल. नाही तं तास मोडाचं नाव काढू नको."

माझ्याकडे पाहणं भासऱ्यांना जमलं नाही, आणि त्या वर्षीच काय, पुढे कधीच माझं तास मोडायचं नाव कोणी काढलं नाही.