मामांची नळी

पृथ्वी गोल आहे की सपाट, यापेक्षा ती कोणत्या बाजूला उतरती आहे याचीच ज्याला जास्त काळजी, असा माणूस मी एकच पाहिला आहे: आमच्या हिचे दिग्रसचे मामा. कारखान्यांत वाफेच्या, वायूच्या नळ्या बसवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आमचं लग्न ठरवायला आले, तेव्हा पोहे यायच्या आधीच त्यांनी पेल्यातलं पाणी आमच्या मोरीत ओतलं आणि ते कुठे जातं हे बघत उभे राहिले. मग माझ्या वडिलांना गंभीरपणे म्हणाले, "पोरगं चांगलं हाय तुमचं. पन मोरीचा उतार उलटा हाय." लग्नाच्या आदल्या आठवड्यात त्यांनी ती मोरी फोडून नव्याने बांधली. वडील बरेच दिवस धुसफुसत होते. मोरी मात्र तेव्हापासून तुंबलेली नाही.

नट आवळण्याचंही त्यांचं शास्त्र आहे. आधी हाताने घट्ट, मग पान्याने सव्वा फेरी. कमी नाही, जास्त नाही. स्टीलच्या बारीक नळीला हे ठीक, पण मामा लोणच्याच्या बरणीचं झाकणही त्याच निष्ठेने आवळतात. त्यामुळे ते बाहेरगावी असले की मामी लोणच्याशिवाय जेवतात. सांधा गळतो का हे तपासायला बाजारचा साबण त्यांना चालत नाही. घरून रिठे भिजवून आणायचे, त्यांचा फेस ब्रशने सांध्यावर लावायचा आणि नाक जवळजवळ टेकवून बुडबुड्याची वाट पाहायची.

गेल्या वर्षी लोहाऱ्याच्या आमच्या तेलगिरणीत बॉयलरचा धूर तपासणारं यंत्र आलं. चिमणीतून धुराचा नमुना यंत्रापर्यंत आणणारी नळी बसवायला मी मामांना बोलावलं. चार दिवस मामा शिडीवर. नळीला कुठे पोट पडलं तर धुरातल्या वाफेचं पाणी साचेल, म्हणून एक क्लँप त्यांनी सात वेळा हलवला. यंत्र सुरू झालं आणि प्रदूषणाचा आकडा इतका देखणा आला, की मालकांनी पेढे मागवले.

मामांनी पेढा घेतला नाही. "इतका चांगला आकडा काहून येऊन राह्यला?" ते म्हणाले. "भायेरची हवा आत घुसून धूर पातळ करून राह्यली असन. सांधा गळते कुठीतरी."

"अहो मामा, चांगलं दाखवतंय तर दाखवू द्या ना," मालक हसून म्हणाले.

"धूर तुमचा हाय, साहेब. नळी माही हाय."

यंत्र बंद करून नळीत हवा भरली. मामा फेस घेऊन वर गेले, सगळे सांधे दोनदा तपासून खाली आले आणि शिडीच्या पायरीवर बसले. मालकांना ऐकू जाणार नाही अशा बेताने मला म्हणाले, "जवाई, तुमी चढून पाहा. सहा महिने झाले, मले बुडबुडा दिसत नाही. बोटानं चाचपून काम करून राह्यलो. डॉक्टर म्हनते, डोळ्याची शीर वाळून राह्यली. भाचीले सांगू नका."

मी चढलो. चिमणीजवळच्या सांध्यावर बुडबुडे येत होते, एकामागून एक. मामा मान वर करून उभे होते, पण माझ्याकडे नाही, माझ्या जरा डावीकडे पाहत होते. हे कळलं तर त्यांना पुन्हा काम मिळणार नाही, हे मला ठाऊक होतं.

"हाय का?"

"आहे, मामा."

त्यांनी मान हलवली, आणि मालकांकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "साहेब, चूक माही हाय. नजर गेली माही."

सांधा त्यांनी माझ्याकडून नीट करून घेतला. आकडा लगेच बिघडला, आणि मालकांना बॉयलरचं काम काढावं लागलं. मामा आता घरीच असतात. त्या दिवशी मी "नाही" म्हटलं असतं, तर त्यांनी माझ्या शब्दावर सामान आवरलं असतं आणि पुढच्या कामाला गेले असते. त्यांचा माझ्यावर तेवढा विश्वास होता, म्हणून ते "नाही" माझ्या तोंडून निघालं नाही. पण माझ्या त्या एका शब्दाने त्यांचं काम सुटलं, याचं मला अजून वाईट वाटतं.