सर्व्हर चालू, टँकरचं बुकिंग बंद

दोस्तांनो, आज माझ्यामुळं आईला पाणी मिळालं नाही.

मी दहावी नापास, हैदराबादेत एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो. आई राहते त्या आमच्या बजाजनगरच्या टँकरवाल्याचं बुकिंग त्यातल्याच एकावर चालतं. मागं ती बुकिंगची सर्व्हिस, म्हणजे सर्व्हरवर चालणारा प्रोग्रॅम, बंद पडली, तेव्हा मी ती हातानं चालू केली. सर्व्हर सुरू झाला की तिनंही आपोआप सुरू व्हावं, यासाठीची एक कमांड द्यायची राहिली.

आज सकाळी सर्व्हर रीस्टार्ट केला. सर्व्हर चालू झाल्याचा हिरवा दिवा दिसला आणि मी चहाला गेलो.

तासाभरानं आईचा फोन. "बुकिंगच होईना रं!"

धावत जाऊन सर्व्हिस चालू केली. तोवर नव्या बिल्डिंगवाल्यांनी टँकरच्या मालकाला थेट फोन करून सगळ्या खेपा नेल्या होत्या.

आई सांगत होती, "शेजारीण टोमणा मारती, तुमचा पोरगा कम्प्युटरात हाय ना? म्या म्हणलं, त्याच्या हातात असतं तर ड्रम रिकामे राहू दिले असते व्हय त्यानं?"

मी नुसतं "हं" म्हणालो.

ऑफिसच्या रिपोर्टात आज सर्व्हर दिवसभर चालूच होता. तुम्ही असता तर आईला खरं सांगितलं असतं का?