एकोणचाळिसावा फोटो

पुण्याहून निघताना बायकोनं विचारलं, "चार्जर घेतला का?" मी खांद्यावरचा कॅमेरा थोपटून म्हणालो, "याला चार्जर लागत नाही." हे वाक्य मी तेव्हा दिवसातून तीनदा तरी म्हणत असे. वडील गेल्यावर कपाटात त्यांचा जुना कॅमेरा सापडला होता. हातात धरला की मनगट दुखेल इतका जड, सगळा चाकांवर आणि स्प्रिंगांवर चालणारा. सेल घालायला त्यात जागाच नाही. मी तो दुरुस्त करून घेतला, आणि जुनी वस्तू वापरणाऱ्या माणसाला जो माज चढतो तो मलाही चढला. मोबाईलवर फोटो काढणाऱ्यांची मला कीव येऊ लागली.

जायचं होतं मामांकडे, उमरग्याच्या पुढे आठ-नऊ किलोमीटरवर. मामा ऐंशीच्या पुढचे. त्यांचा आणि मामींचा एकत्र असा एकही फोटो नव्हता. लग्नात फोटोवाला मिळाला नाही आणि पुढे मामांनी हट्टानं कुणाला काढू दिला नाही. मामी फोनवर म्हणाल्या होत्या, "भिताडावर लावायला एक तरी पायजे की रे. दाजींचा कॅमेरा घिऊन ये, मंग बसतील त्ये." दाजी म्हणजे माझे वडील. मेव्हण्याच्या शब्दाबाहेर मामा कधी गेले नाहीत.

सोलापुरात रेल्वेतून उतरलो आणि उमरग्याची एसटी धरली, पण नळदुर्गला वाट वाकडी केली. किल्ला लहानपणी पाहिला होता. पाऊस चांगला झालेला, बोरी नदीच्या बंधाऱ्यावरून पाणी धो धो पडत होतं. तिथं लग्नाआधीचे फोटो काढून घ्यायला एक जोडपं आलं होतं. नवरीचा लांबलचक झगा दगडांवर पसरलेला, आणि त्यांचा फोटोवाला भिंतीला टेकून कपाळ धरून बसलेला. त्याच्या कॅमेऱ्याच्या तिन्ही बॅटऱ्या उतरल्या होत्या.

"गावात रातभर लाइट न्हवती काका," तो म्हणाला. "चार्जच न्हाय झाल्या."

खरं तर गप्प बसायला हवं होतं. पण मी शेजारी बसलो, पिशवीतून छत्तीस फोटोंचा नवा रोल काढला आणि त्याला दाखवत दाखवत कॅमेऱ्यात भरला. भर उन्हात, एक डोळा त्याच्या तोंडाकडे ठेवून. झाकण लावलं आणि बंधाऱ्याचे दोन फोटो ऐटीत काढले.

"बरंय तुमचं," तो म्हणाला. "पर फोटो निघाला का न्हाय, त्ये कवा कळतं?"

"रोल धुतल्यावर."

"आन् तवर?"

"तोवर विश्वास ठेवायचा," मी म्हणालो. काय सुंदर बोललो, असं माझं मलाच वाटलं.

दुपारी मामांच्या दारात पोचलो. मामींनी "बा, बा" (ये, ये) म्हणत हातावर पाणी घातलं. कर्नाटकाची हद्द जवळ, त्यामुळे या घरात मराठी आणि कानडी एकाच ताटात वाढलेली असते. त्यातून त्या दिवशी ताटात हुग्गी (गव्हाची खीर) होती, वर तुपाची धार. मी "साकु, साकु" (पुरे) म्हणत राहिलो आणि मामी वाढत राहिल्या.

मामांनी कॅमेरा हातात घेतला, उलटसुलट केला, नाकाशी नेऊन त्याच्या कातडी पिशवीचा वास घेतला. "दाजींचाच हाय व्हय," म्हणाले. मग मोबाईलचा विषय निघाला. "ही पोरं फोटो काढत्यात आन् लगी पुसत्यात. पुसायचाच आसंल तर काढायचा कशाला?"

"तुमचा एक हाय की, आधारवरचा," मामी म्हणाल्या. "चोरावानी."

उन्हं कलल्यावर अंगणात सतरंजी टाकली. मामांनी कोरा पटका बांधला, कपाळाला विभूती लावली. मामी इरकल नेसून आल्या आणि त्यांच्यापासून हातभर लांब बसल्या. "आता काय मी चावनार हाय का?" मामा म्हणाले, तेव्हा कुठं सरकल्या. मी भान हरपून फोटो काढत होतो. रोल पुढे सरकवणारी उजवीकडची दांडी ओढायची, बटण दाबायचं. आकडा पुढे सरकत होता. मामेबहीण महानंदा उमरग्याच्या दवाखान्यात नर्स आहे, ती नुकतीच कामावरून आली होती. तिनं पर्समधून मोबाईल काढला. "दादा, एक म्या बी काढू का?"

"नको," मी खेकसलो. "दोन ठिकाणी बघायला लागले की चेहरे बिघडतात. आणि त्या डबड्यातले फोटो काय फोटो असतात?"

"ठिव गं त्ये," मामा तिला म्हणाले. "भाचा काढतोय न्हवं."

आकडा छत्तीसवर आला. कधीकधी रोल एखादा फोटो जास्त देतो, म्हणून दांडी ओढून पाहिली. ओढली गेली. सदतीस. मग अडतीस. रोल चांगलाच लांब निघाला म्हणून मी खूश. एकोणचाळिसाव्या फोटोत मामी तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि मामा, जन्मात पहिल्यांदा असावं, सगळ्यांसमोर त्यांच्याकडे वळून बघत होते. तो फोटो मला आजही दिसतो. फक्त मलाच दिसतो.

परतताना उमरग्याच्या स्टँडवर रोल उलटा गुंडाळून घेतला. गुंडाळायची डावीकडची चकती हलकी फिरली, फार हलकी. मला वाटलं, दुरुस्ती करणाऱ्यानं तेल चांगलं घातलंय.

पुण्यात रोल धुणाऱ्या माणसानं पट्टी उजेडात धरली. वीतभर टोक काळं, बाकी सगळी काचेसारखी कोरी. "साहेब, हा रोल कॅमेऱ्यात फिरलाच नाही. टोक अडकलंच नव्हतं." रोल नीट बसला असेल तर दांडी ओढताना डावीकडची चकती आपोआप फिरते. वडील मला लहानपणी सांगत, आधी चकती बघ, मग माणूस. मी सबंध दुपारभर तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. नळदुर्गच्या त्या फोटोवाल्या पोराला निदान समोरच कळलं होतं की कॅमेरा बंद आहे.

दुसऱ्या दिवशी एसटी पकडून परत जाता आलं असतं. नाही गेलो, कारण लाज वाटली. दर सोमवारी महानंदाच्या फोनवरून मामांचा आवाज येई, "आले का रे फोटो?" आणि मी म्हणे, "यायचेत मामा, गर्दी आहे." दिवाळीनंतर काही निमित्त काढून जायचं, गुपचूप दुसरा रोल काढायचा आणि तोच पहिला म्हणून द्यायचा, असा माझा बेत होता. "सावकाश यिऊ दे," मामा म्हणत. "कागदावरचं काम हाय." एका सोमवारी त्यांनी सांगितलं, भिंतीत खिळा ठोकून ठेवलाय.

दिवाळीच्या आधीच मामा गेले.

तोच रस्ता पुन्हा. नळदुर्गला उतरलो नाही. घरी पोचलो तेव्हा मामांना ओसरीवर बसवलं होतं. आमच्यात माणूस गेला की आडवा ठेवत नाहीत. आंघोळ घालून, विभूती लावून, हार घालून भिंतीशी बसवतात, आणि बसलेल्यालाच शेतात समाधी देतात. उठवण्याआधी घरच्यांनी शेजारी बसून फोटो काढायचा, ही रीत आहे. तोच कोरा पटका होता. वर भिंतीत खिळा रिकामा होता.

मामींनी मला पाहिलं. "दाजींचा कॅमेरा आनलास का? त्यानंच काढ. दुसरा चालायचा न्हाय त्यास्नी."

आणला नव्हता. मी त्यांच्यापाशी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. रोल फिरला नाही, फोटो एकही आला नाही, आणि सोमवारचं सगळं खोटं होतं.

त्या रागावल्या नाहीत. "मंग तवाच सांगायचं की रे," म्हणाल्या. "परत बसले आसते त्ये."

महानंदानं तिचा मोबाईल माझ्या हातात दिला. मामी उठून मामांच्या शेजारी जाऊन बसल्या, या वेळी कुणी न सांगता अगदी चिकटून. मी फोटो काढला.

आता कुणी विचारलं की जुना कॅमेरा चांगला की नवा, तर मी उत्तर देत नाही. त्या जुन्या यंत्रानं मला फसवलं नव्हतं. चकती फिरत नव्हती आणि ते उघड दिसत होतं. खोटं बोललो तो मी. मी परतीच्या एसटीत नळदुर्गच्या अलीकडे होतो, तेव्हा महानंदानं तो फोटो मला पाठवला. मामा-मामींचा एकत्र फोटो अखेर निघाला, आणि साफ आला आहे. पटक्याची घडी न् घडी दिसते, मामींच्या डोळ्यांतलं पाणी दिसतं. मामांचे डोळे मिटलेले आहेत.