वाचनालयातलं लिनक्स

आमच्या वाचनालयातला जुना संगणक भंगारात द्यायचं ठरलं होतं. ग्रंथपाल वैशालीताईंनी आठ दिवसांची मुदत मागितली आणि जुन्या यंत्रांवर चालणारी हलकी लिनक्स, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मोफत प्रणाली, एकेक करून पेनड्राइव्हवरून चालवून पाहिली. मी समोर पेपर वाचत बसलेला असायचो.

पहिलं झटक्यात उघडलं, पण मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसले. दुसरं देखणं होतं, पण पुस्तकांची यादी उघडताच अडकलं. तिसरं छान चाललं. मला वाटलं, झालं काम. ताईंनी मात्र वाचनालयात रोज येणाऱ्या, नजर अधू झालेल्या अण्णांना खुर्चीत बसवलं.

"अण्णा, हवं ते पुस्तक शोधा. मी काही सांगणार नाही."

अण्णा बराच वेळ चाचपडले. "अक्षरं मुंग्यांएवढी दिसतात गं, वैशाली."

ताईंनी अक्षरं मोठी केली, तर शोधायचं बटणच पडद्याबाहेर गेलं. तेही लिनक्स बाजूला पडलं.

मी नवीन काही घेताना ते किती वेगाने चालतं एवढंच विचारतो. ते वापरणार कोण, हा प्रश्न मला सुचत नाही. ताईंना तो आधी सुचला होता.

चौथ्यात अक्षरं मोठी करूनही सगळं जागेवर राहिलं. अण्णांनी एका बोटाने पुस्तकाचं नाव टाइप केलं, कपाटाचा क्रमांक मोठ्याने वाचला आणि ते स्वतःच पुस्तक आणायला निघाले. ताई मुद्दाम उठल्या नाहीत.