धरणाखालचं गाव

बाळाबाई मावशी आमच्या मंडळाचे कपडे शिवतात. गणपतीत आमच्या तालमीचा, म्हणजे मंडळाचाच, सजीव देखावा असतो. त्यातल्या मावळ्यांपासून यमदूतांपर्यंत सगळ्यांची मापं मावशींच्या डोक्यात, वहीत एक आकडा नाही. कपडा घट्ट झाला तर चूक पोट सुटलेल्या नटाची, हा त्यांचा कायदा. मूळच्या त्या नदीकाठच्या चिखलीच्या. दुधाचा धंदा होता. २०१९ च्या पुरानंतर कोल्हापुरात लेकीकडे, संयोगिताकडे, आल्या आणि शिलाई मशीनवर बसल्या.

यंदाचा देखावा मी लिहिला. अडतीस वर्षांचा घोडा झालो तरी मी कॉमिक वाचतो. एका सुपरहिरोची जगभर नावाजलेली कथा आहे. तिला कुणी नावं ठेवली की मी इंटरनेटवर हमरीतुमरीवर येतो. शेवटी नायक धरण फोडतो आणि दुष्टाचं अख्खं सैन्य बुडवतो. तोच प्रसंग मी देखाव्यात घेतला.

सरावाला मावशींनी शिवलेलं लांबलचक निळं कापड पाणी म्हणून पोरांनी दोन्ही बाजूंनी धरून हलवलं, सैन्य आडवं झालं, शिट्ट्या पडल्या. मावशी कोपऱ्यात नायकाच्या झग्याला हूक लावत होत्या.

"आरं अतुल, धरणाच्या खाली गाव न्हाय व्हय?"

"हाय की मावशी. पण गोष्टीत त्याचं काय काम न्हाय."

"मग त्येंनी काय करायचं?"

सगळे हसले. मीही हसलो. वर शहाणपणा म्हणून नायकाचं दुःख समजावून सांगितलं. त्याच्या बायकोला मारलेलं असतं, म्हणून तो पेटतो.

"बायकू मरायच्या आदी काय बोलती का न्हाय?"

"न्हाय. पहिल्याच पानावर मरती."

मावशींनी दातानं दोरा तोडला आणि पुढचा हूक घेतला.

घरी येऊन मी रागानंच पुस्तक काढलं. मावशींना ते गाव दाखवायचंच, म्हणून पान न् पान चाळलं. नायकाचा पश्चात्ताप अकरा पानं. कड्यावर उभा, झगा उडतोय, चित्रं अशी की नजर हटत नाही. गाव एका चौकटीच्या कोपऱ्यात सापडलं. चार छपरं, अंगठ्याच्या नखाएवढी. पुढच्या पानावर नुसतं पाणी. ही कथा मी तीस वेळा तरी वाचली असेल. ती छपरं मला एकदाही दिसली नव्हती.

आणि मग मुस्कटात बसावी तशी माझीच गोष्ट आठवली.

पुरात मंडळाच्या बोटीत मी होतो. मावशी गोठ्यात छातीभर पाण्यात उभ्या राहून म्हशींची दावी सोडत होत्या. गाठी भिजून आवळल्या होत्या, सुटत नव्हत्या. "मावशी, जनावरं राहू द्या!" म्हणत मी त्यांना दंडाला धरून ओढलं. बोटीत आठ माणसं होती, पाणी चढत होतं. ओढलं ते चुकलं, असं मी आजही म्हणणार नाही. पण पुढं सहा वर्षं ही गोष्ट मी मिरवली. लग्नात, कंपनीच्या कँटीनमध्ये, सत्कारात. दर वेळी मावशी वाचतात, टाळ्या पडतात, गोष्ट संपते. म्हशी त्यात कधी आल्याच नाहीत. एका सत्काराला तर मला शाल घालायला मावशींनाच बोलावलं होतं. माझं सगळं भाषण त्यांनी शेजारी उभं राहून ऐकलं होतं. ते आठवलं आणि लाजेनं माझे कान तापले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेलो. तोंड वर होत नव्हतं.

"मावशी, म्हशींची नावं काय हुती?"

मशीन थांबलं.

"एक चंद्री. एक मोरी. तिसरी पहिलारू, गाभण हुती. व्याल्यावर नाव ठिवायचं हुतं."

"माझं चुकलं, मावशी."

"तू वढलास म्हणून मी हाय. त्ये मी कुठं न्हाय म्हणतो?" त्या कापडाची घडी सारखी करत राहिल्या. "पर त्या गाठी मीच आवळल्या हुत्या रं. आदल्या दिशी. पाण्याला भिऊन पळू नयेत म्हणून."



"कुणाला सांगितलं न्हाय कदी," मावशी म्हणाल्या. "तुज्या गोष्टीत म्हशीच नव्हत्या. सांगणार तरी कसं?"